पडद्याखालचे पाय

कुवेतमध्ये बर्फावर हॉकी खेळतात हे सांगलीच्या नातेवाइकांना पटवण्यात चारुशीलाची दोन वर्षं गेली. त्या खेळात आपण ऑर्गन वाजवतो, हे पटवायचा नाद मग तिनं सोडूनच दिला.

सलवातल्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर, एका मोठ्या दुकानसंकुलाच्या पाठीमागे तो हॉल होता. बाहेर ऊन इतकं, की दाराचा दांडा ओढणीत धरून ओढावा लागे. आत पाऊल टाकलं की नाकाच्या शेंड्याला गारठा झोंबायचा. ओल्या रबरी पायपुसण्यांचा, बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्राचा आणि घामट पॅडांचा असा एक वास तिथं होता, जो घरी आल्यावर केसांतून दोन दिवस जात नसे. चारुशीला नवऱ्याचं रिफायनरीतलं जाडजूड जॅकेट घालून, थर्मासमधल्या चहावर बोटं शेकत प्रेक्षकांच्या वरच्या सज्जात बसायची. शुक्रवारी दुपारी चारला मॅच. शाळेत आठवडाभर संगीत शिकवणारी बाई शुक्रवारी अशी चमकदार पट्ट्यांचं जॅकेट घालून ऑर्गनवर बसते, ही गोष्ट तिच्या विद्यार्थ्यांना तिच्या गाण्यापेक्षा जास्त आवडायची.

हॉलचा मॅनेजर अरुणकुमार मूळचा त्रिशूरचा, पण कॅनडात दहा वर्षं असल्याच हॉलमध्ये राबून आलेला. ऑर्गनशिवाय हॉकी त्याला अळणी लागायची. अल-राईच्या जुन्या बाजारात कुठल्याशा शाळेनं मोडीत काढलेला, विजेवर चालणारा एक ऑर्गन त्याला सापडला आणि मग तो वाजवणारा माणूस शोधत तो चारुशीलापर्यंत पोचला. चारुशीलानं एकच विचारलं, की पडदा कुठं आहे. अरुणकुमारला तो प्रश्न कळला नाही.

कळणार कसा? चारुशीलाचे वडील रामभाऊ एका संगीत नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. रंगमंचासमोर खाली बसून ते एक डोळा पट्ट्यांवर आणि एक डोळा विंगेवर ठेवायचे. विंगेच्या कापडाखालून नटाचे पाय दिसले की त्याला त्याचा सूर द्यायचा. सूर मिळाला की पात्र गात आत येणार, सूर मिळाला नाही तर ते विंगेतच खोळंबणार. लहान चारूला मांडीवर घेऊन त्यांनी दोनच नियम शिकवले होते. पाय दिसल्याशिवाय सूर द्यायचा नाही. आणि ज्याचा सूर त्यालाच. नियम कशासाठी, हे तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, की इस्लामपूरच्या प्रयोगात एकदा विंगेत कुणी नसताना त्यांच्याकडून सूर गेला होता.

"मग?" चारूनं विचारलं होतं.

"मग आलं." एवढं बोलून त्यांनी ऑर्गनचं झाकण लावलं होतं. कोण आलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हॉलमध्ये पडदा होता. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीतून बर्फाकडे येणारी एक चिंचोळी वाट होती, आणि तिच्या तोंडाशी जमिनीपासून वीतभर वर संपणारा काळा रबरी पडदा. त्याखालून स्केट्सची पाती आणि लेस दिसायच्या. बर्फावर एका वेळी सहा जणी खेळतात, एक गोल राखणारी आणि पाच पुढे. मॅच सुरू होताना निवेदक एकेकीचं नाव घेणार, चारुशीला पडद्याखाली पाय बघून एकेकीला तिचा सूर देणार आणि ती पोरगी पडदा सारून सुसाट बाहेर येणार, ही पद्धत चारुशीलानंच घातली. सहा मुली, सहा सूर. सा लुबनाचा, ती गोलवर. मग रे, ग, म, प. आणि शेवटचा ध मुक्ताचा. निषाद रिकामा. चार वर्षांत लोकांना या पद्धतीची इतकी चटक लागली, की ध वाजला की अख्खा सज्जा बाकं बडवायचा.

मुक्ता म्हणजे चारुशीलाची एकुलती एक. अठरा वर्षांची, सोळा नंबरची जर्सी, आणि पिवळ्याधमक लेस, ज्या चारुशीलाला शंभर पायांत ओळखू आल्या असत्या. ऑगस्टमध्ये ती शिकायला कॅनडाला जाणार होती, म्हणून हा तिचा शेवटचा मोसम. चारुशीला ते दिवस मोजत होती आणि आपण मोजतोय हे लपवत होती. घरात मराठी एकतर्फी चालायची. आईनं विचारायचं, "जेवलीस का गं?" आणि लेकीनं फोनमधून मान न काढता म्हणायचं, "आय्म गुड, आई." भांडण नव्हतं, माया भरपूर होती, पण लेकीनं एकदा तरी आपल्याशी आपल्या भाषेत दोन वाक्यं बोलावीत याची चारुशीलाला भूक होती. ती नवऱ्याला म्हणायची, की पोरगी जायच्या आत मला एकदा मराठीत 'आई, चल' ऐकायचंय. शशिकांत हसायचा. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत बावीस वर्षं काढलेला हा माणूस ज्याला मीटर लावता येत नाही त्या गोष्टीची काळजी करत नसे.

एप्रिलच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅच चुरशीची होती. हॉल भरला होता. चारुशीलानं सा पासून एकेक सूर दिला, मुक्ताला ध दिला, बाकं बडवली गेली आणि त्या नादात तिचं बोट आपसूक पुढच्या पट्टीवर गेलं. चाळीस वर्षं ज्या बोटांनी सप्तक पुरं केलं, त्यांना धैवतावर लोंबकळत थांबणं जमत नव्हतं, इतकंच. निषाद अगदी हलका वाजला. कुणाचं लक्षही गेलं नाही. पडद्याखाली तेव्हा कुणाचे पाय नव्हते, हे तिनं नंतर स्वतःला चार वेळा सांगितलं. खरं म्हणजे तिनं पाहिलंच नव्हतं.

पहिल्याच मिनिटाला पंचांनी शिट्टी मारली. यजमान संघाच्या सात जणी बर्फावर आहेत असं त्यांचं म्हणणं. खेळ थांबला, मोजणी झाली, तर सहा. पंच ओशाळले, लोक हसले. पुढं दोनदा त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि बोटं मोजून खाली घेतली. घरी भांडी घासताना चारुशीलाला तो निषाद आठवला. तिनं नळ बंद केला, जरा वेळ उभी राहिली आणि पुन्हा चालू केला.

पुढच्या शुक्रवारी तिनं डावा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि उजव्या हाताच्या एकाच बोटानं सहा सूर दिले. मोजून सहा. तरी पंचांनी तीनदा शिट्टी मारली आणि तिन्ही वेळा मोजणीत सहाच निघाल्या. या खेपेला कुणी हसलं नाही. पाहुण्या संघानं लेखी तक्रार केली, की यजमान एका जादा मुलीला मधूनच आत घेतात आणि बाहेर काढतात आणि तिला इशारा ऑर्गनवरून मिळतो.

अरुणकुमारनं तिला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. पंधरा दिवसांनी अंतिम सामना होता. पुन्हा सात दिसल्या तर संघ बाद, असं पत्र आलेलं त्यानं तिच्यापुढे सरकवलं. मग आवाज खाली आणून त्यानं हिंदीत विचारलं, की मुलीच्या शेवटच्या मोसमासाठी आई काहीही करील, हे तो समजू शकतो, पण ती सातवी मुलगी कोण आहे तेवढं सांगा. चारुशीलाचे कान तापले. तिला उलट त्याचाच संशय होता. जिंकण्यासाठी हा माणूस काय वाटेल ते करील, असं तिला पहिल्यापासून वाटायचं. ती फक्त म्हणाली, की मी सहाच सूर दिले.

"वहिनी, सहा नाय, सात हायत," कोपऱ्यात यंत्रांपाशी बसलेला अशरफ म्हणाला.

अशरफ श्रीवर्धनचा. हॉलचे माइक, स्पीकर, रेकॉर्डिंग सगळं त्याच्याकडे. लुबना त्याचीच मुलगी. कानांवरचे हेडफोन काढून त्यानं ते चारुशीलाच्या हातात दिले. ती ऐकू लागली. सा, आणि लुबनाची पाती बर्फावर. रे. ग. म. प. ध, बाकांचा गडगडाट. गडगडाट विरला आणि त्यामागून निषाद आला. स्वच्छ, लांबवलेला, आणि तिच्याच हाताचा. सूर सोडताना शेवटी बोट जरा घसरू द्यायची तिची लकब होती, रामभाऊंकडून आलेली. ती त्यात होती. मग रबरी पडदा फडफडला. मग पाती, पण फार हलकी, भाताच्या तुसावरून कुणी चालावं तशी.

तिनं हेडफोन काढले. हे नंतर जोडलेलं आहे, असं तिनं स्पष्टच म्हटलं. आधीच्या आठवड्यातला सूर उचलून इथं लावला आहे.

अशरफचा चेहरा पडला. "कशापायी लावीन मी? माझी पोर नाय त्या बर्फावर?" मग तो म्हणाला, "लुबना रातची झोपत नाय, वहिनी. ती सांगते, समद्या पोरींच्या तोंडातनं हेल्मेटच्या जाळीबाहेर वाफ येते. एकीच्या नाय येत. गोलच्या मागं उभी ऱ्हाते नि पोरींकडं बघत ऱ्हाते. म्हंजे एकेकीचा माप घेतल्यावानी."

चारुशीलाला त्याचा राग आला, आणि राग आला म्हणून जरा बरंही वाटलं. माणसाचा संशय घेणं सोपं असतं. ती दोन दिवस अशरफचा संशय घेत राहिली, मग अरुणकुमारचा, मग स्वतःच्या कानांचा. माणसं संपली तेव्हा तिला भीती वाटली. तिनं शशिकांतला सगळं सांगितलं, इस्लामपूरसकट.

शशिकांतनं ऐकून घेतलं. इस्लामपूरचा भाग त्यानं सोडून दिला आणि उरलेल्यावर इंजिनियरसारखा विचार केला. जुनं यंत्र आहे, एखादा संपर्क अडकत असेल, पट्टी न दाबताही सूर लागत असेल. उपाय सोपा होता. निषादच काढून टाकायचा. वापरात नाहीच तो.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ड्यूटीवरून तो परस्पर हॉलवर आला. मुक्ता घरी अभ्यास करत होती. सामन्याआधी पोरीचं मन बिथरायला नको, म्हणून तिच्या कानावर यातलं काहीही घालायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. अशरफनं दार उघडून दिलं. शशिकांतनं ऑर्गनचं पाठचं फळकूट काढलं, आत मान घातली आणि पट्ट्यांच्या दोन्ही फळ्यांवरच्या, सगळ्या सप्तकांतल्या निषादांच्या तारा एकेक करून सोडवल्या, एका जुडग्यात बांधल्या आणि त्या जुडग्याला एक लाल टॅग अडकवला. रिफायनरीत बंद केलेल्या व्हॉल्व्हला लावतात तसला. त्यावर त्यानं आपलं नाव आणि तारीख लिहिली.

"आता हा कुणी काढायचा नाही," तो म्हणाला. "ज्यानं लावला त्यानंच काढायचा, असा नियम आहे आमच्याकडे."

फळकूट परत बसलं. चारुशीलानं निषाद दाबून पाहिला. लाकूड लाकडावर टेकल्याचा टक् असा आवाज आला, बाकी काही नाही. त्या रात्री तिला पंधरा दिवसांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

शुक्रवारी चारला हॉल खच्चून भरला. पाहुण्या संघाची माणसं पडद्याजवळच येऊन बसली होती, डोळ्यांत तेल घालून. शशिकांत खाली दुसऱ्या रांगेत होता. दिवे मंद झाले आणि निवेदकानं लुबनाचं नाव घेतलं.

पडद्याखाली पाती आली. सा. लुबना बाहेर आली, जाळीतून वाफेचा लोट सोडत.

रे. ग. म. प.

पाच जणी निळ्या रेघेवर ओळीनं उभ्या राहिल्या. पाच तोंडांपुढे वाफ.

निवेदकानं मुक्ताचं नाव घेतलं. चारुशीलानं पडद्याखाली पाहिलं. पिवळ्या लेस. तिचा जीव भांड्यात पडला आणि बोट धैवताकडे निघालं.

पिवळ्या लेसच्या शेजारी आणखी दोन पाय होते.

पांढऱ्या लेस, कोऱ्या. पात्यांवर पाण्याचा थेंब नाही. मुलींची पाती ओल्या रबरावरून येतात, ती कोरडी कधीच नसतात. चारही पाय चवडे पडद्याकडे करून, शेजारी शेजारी उभे होते. आत जायची वाट बघणारी पात्रं उभी राहतात तसे.

तेव्हा तिला कळलं, की आपण काय करून बसलो. आतापर्यंत त्या सातवीला तिचा स्वतःचा सूर होता. तो आपण काल काढून घेतला. आता आत दोघी होत्या आणि सूर एकच उरला होता.

ती थांबली. निवेदकानं नाव पुन्हा घेतलं. लोकांनी बाकं बडवायला सुरुवात केली. पलीकडून अरुणकुमार हात वर करून खुणावत होता. खाली शशिकांतनं वळून वर पाहिलं आणि काय झालं, अशी मान उडवली. न वाजवावं, तर पोरगी विंगेत अडकणार. वाजवावं तर. तिनं डोळे पिवळ्या लेसवर रोखले, मुक्ता, मुक्ता असं मनात म्हटलं आणि ध दाबला.

पडदा सरकला. सोळा नंबरची जर्सी सुसाट बाहेर आली. सज्जा दणाणला.

पडद्याखाली पिवळ्या लेस तिथंच होत्या.

त्या अर्धं पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या. सूर मिळायची वाट बघत.

चारुशीलानं निषाद दाबला. टक्. पुन्हा दाबला. वरच्या सप्तकात, खालच्या सप्तकात, दोन्ही हातांनी. टक्, टक्, टक्. तिनं गळ्यातून निषाद काढायचा प्रयत्न केला, पण हॉलमध्ये पाचशे माणसं ओरडत होती.

पिवळ्या लेस जरा वेळ थांबल्या. मग वळल्या. आतल्या अंधारात दोन पावलांपर्यंत दिसल्या आणि नंतर दिसल्या नाहीत.

ती जिना उतरून धावत गेली तेव्हा वाट रिकामी होती. कपडे बदलायच्या खोलीत मुक्ताची बॅग होती, फोन चार्जिंगला होता, बाकावर अर्धं खाल्लेलं केळं होतं. तिनं न्हाणीघराची दारं उघडून पाहिली, नावानं हाका मारल्या. अरुणकुमार मागून धावत आला. तुमची मुलगी तिकडे बर्फावर आहे बाई, असं म्हणत तिला दंडाला धरून वर घेऊन गेला.

त्या दिवशी पंचांनी एकदाही शिट्टी मोजणीसाठी मारली नाही. बर्फावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सहाच होत्या. सोळा नंबरनं दोन गोल केले. लुबना मात्र तिसऱ्या भागात पोट दुखतंय म्हणून बाहेर निघून गेली, गोलवर राखीव पोरगी आली आणि अशरफ यंत्रं तशीच चालू ठेवून लेकीमागे गेला. संघ जिंकला. अरुणकुमारनं चारुशीलाचे दोन्ही हात हातात घेऊन माफी मागितली.

सगळे पांगल्यावर सज्जाच्या जिन्यावर पाती काढलेल्या पायांचा आवाज आला. चारुशीला ऑर्गनसमोर बसूनच होती. मुलगी तिच्यापुढे येऊन उभी राहिली. हेल्मेट काखेत, केस कपाळाला चिकटलेले, हनुवटीवरचा तीळ जिथल्या तिथे. स्केट्स खांद्यावरून लोंबत होते. लेस पांढऱ्या होत्या.

"आई, चल," ती म्हणाली. "किती गारठलीस गं. चल घरी."

स्वच्छ, सांगलीकडचं मराठी. चारुशीला तिच्याकडे बघत राहिली. दोघींच्या तोंडांत हातभराचं अंतर होतं आणि मध्ये वाफ उठत होती. ती एकट्या चारुशीलाची होती.

गाडीत शशिकांतचा आनंद गगनात मावत नव्हता. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, समुद्रावरून पांढरा उजेड येत होता. मुलगी मागच्या सीटवरून त्याच्याशी बोलत होती, घरी जाऊन वरणभात खाऊ म्हणत होती, आणि तो दर वाक्याला चारुशीलाकडे बघून भुवया उंचावत होता. बघ, मिळालं ना तुला हवं ते. चारुशीला दोन्ही हात मांडीत दाबून बसली होती. तिनं मनात सगळं ठरवलं होतं. हिला घरी सोडायचं. शशिकांतला काहीही कारण सांगून परत हॉलवर न्यायचं, अशरफला फोन करून दार उघडायला लावायचं, तारा जोडायच्या. मग पडद्याखाली पाय दिसेपर्यंत बसायचं. कितीही वेळ. आणि निषाद द्यायचा. पात्र सूर मिळाल्याशिवाय विंगेतून निघत नाही, पण सूर मिळाला तर येतं.

सिग्नलला गाडी थांबली. मागून दोन थंड हात आले आणि शशिकांतच्या खांद्यांवर लाडानं टेकले.

"बाबा," ती म्हणाली, "ऑर्गनमधला तो लाल टॅग आता तसाच राहू द्या हं. कुणी सांगितलं तरी काढू नका."

लेकीच्या मराठीनं शशिकांत इतका विरघळला होता, की हिला टॅगचं कुणी सांगितलं, हे विचारायचं त्याला सुचलंही नाही.

"बरं बाई," तो म्हणाला. "नाही काढणार."